आधी वडस की आधी कोरडेपणा?

आग्रही : नाकाकडच्या कोपऱ्यातून निघून काळ्या बुबुळावर चढणारं वडस, म्हणजे आम्ही डॉक्टर ज्याला टेरिजियम म्हणतो ते, घेऊन माणूस येतो तेव्हा त्याची पहिली तक्रार बहुतेक वेळा नजरेची नसते. डोळ्यात वाळू गेल्यासारखं वाटतं, दुपारनंतर चुरचुरतं, वारा लागला की पाणी गळतं, संध्याकाळी डोळा लाल होतो, असं तो सांगतो. तुम्ही त्याला कृत्रिम अश्रूंची बाटली लिहून देता. ती संपली की तो दुसरी आणतो. काही वर्षांनी तोच माणूस माझ्याकडे येतो आणि तोवर मांस बाहुलीच्या कडेला टेकलेलं असतं. माझं म्हणणं सरळ आहे. हा कोरडेपणा त्या मांसामुळे आहे. बुबुळावरचा अश्रूंचा थर मिलिमीटरच्या काही हजाराव्या भागाइतका पातळ असतो आणि दर वेळी पापणी मिटते तेव्हा तो नव्याने पसरतो. सारवलेल्या जमिनीतून दगड वर आला की त्याच्या कडेला सारवण टिकत नाही, भेग तिथेच आधी पडते. वडसाच्या उंचवट्याशेजारी तेच होतं. पापणी उंचवट्यावरून निघून जाते, लगतच्या पट्टीवर ती नीट टेकत नाही आणि अश्रू तिथे पोचत नाहीत. कधीकधी ती जागा इतकी सुकते की बुबुळालाच उथळ खळगा पडतो. त्याला डेलन म्हणतात. कारण इतकं समोर दिसत असताना ते कापून काढायचं सोडून थेंबांवर वर्षं का घालवायची?

संशयी : डेलन खरा आहे, तुमचं वर्णनही बरोबर आहे. पण डेलन दर रुग्णात सापडत नाही, चुरचुर मात्र जवळजवळ दर रुग्णात असते. मग उरलेल्यांची चुरचुर कुठून आली? माझ्याकडे येणारा माणूस कापसाच्या शेतात, वीटभट्टीवर किंवा बांधकामावर राबलेला असतो. घरात चूल असते. वय पन्नाशीकडे झुकलेलं असतं आणि पापण्यांच्या कडांतल्या तेलग्रंथी अर्ध्या बुजलेल्या असतात. त्या ग्रंथींचं तेल अश्रूंवर पसरलं नाही की अश्रू लवकर उडून जातात. हे सगळं वडसाशिवायही घडतं. मागे एका गवंड्याचे डोळे तपासले. वडस फक्त उजव्या डोळ्यात होतं. शिर्मरच्या कागदी पट्ट्या दोन्ही खालच्या पापण्यांत अडकवून पाच मिनिटं त्याला डोळे मिटून बसवलं. पट्ट्या काढल्या तेव्हा दोन्हींवरची ओल पाच मिलिमीटरच्या खुणेच्या आसपासच थांबलेली होती. निरोगी डोळ्यात ती दहाच्या पुढे जायला हवी. ज्या डोळ्यात मांस नाही तोही तितकाच कोरडा निघाला, तर मी मांसाला दोष कसा देऊ? त्याला तुमच्याकडे पाठवलं असतं तर तुम्ही उजवा डोळा साफ केला असता. डावा पूर्वीसारखाच चुरचुरत राहिला असता आणि उजवाही राहिला असता, असं मला वाटतं.

आग्रही : पट्टी फक्त अश्रू किती येतात ते सांगते. ते टिकतात किती, हे ती सांगत नाही. कोरड्या डोळ्याची व्याख्या आता नुसत्या कमी पाण्यावर थांबलेली नाही. 2017 साली जगभरच्या तज्ज्ञांनी मिळून जी व्याख्या मांडली तिच्यात अश्रूंच्या थराची अस्थिरता, त्यातल्या क्षारांचं वाढलेलं प्रमाण आणि पृष्ठभागाची दाहजन्य हानी या गोष्टी मध्यभागी आहेत. म्हणूनच डोळ्यातून घळाघळा पाणी वाहत असतानाही तो डोळा कोरडा असू शकतो. थर फुटला की बुबुळाच्या नसा कळवळतात आणि मेंदू पाण्याचा लोंढा सोडतो. त्या लोंढ्यात ना पुरेसं तेल असतं ना चिकटपणा, तो गालावरून ओघळून जातो. तुमच्या गवंड्याच्या डोळ्यात फ्लुरोसिनचा थेंब घालून निळ्या प्रकाशात पाहिलं असतंत तर? पापणी न मिटता हिरव्या थरात पहिला काळा डाग किती सेकंदांनी उमटतो ते मोजायचं. दहा सेकंदांच्या आत उमटला तर थर अस्थिर आहे. आणि तो डाग बुबुळावर कुठे उमटतो तेही पाहायचं. वडसाच्या टोकाला लागून तो पुन्हापुन्हा उमटताना मी पाहिलेला आहे. एकाच माणसाच्या वडस असलेल्या आणि नसलेल्या डोळ्यांची तुलना करणाऱ्या कितीतरी अभ्यासांतही वडसाच्या बाजूला थर लवकर फुटतो असंच आढळलंय. शिवाय शस्त्रक्रियेनंतर अश्रूंमधला क्षारांचा दाब कमी झाला आणि ज्यांचं मांस पुन्हा वाढलं त्यांच्यात तो परत चढला, अशीही नोंद आहे. मांस गेलं तेव्हा सुधारणा, मांस आलं तेव्हा बिघाड. कार्यकारणाची यापेक्षा जवळची साक्ष कुठून आणायची?

संशयी : साक्ष जवळची आहे, हे मान्य. पण ती ऐकताना मला दोन गोष्टी सलतात. पहिली अशी की, शस्त्रक्रिया झालेल्या माणसाला तुम्ही नुसतं मांस काढून घरी पाठवत नाही. कित्येक आठवडे दाह कमी करणारे थेंब देता, ओलाव्याचे थेंब देता, धुळीत जाऊ नको, उन्हात फिरू नको म्हणून बजावता. तो माणूस त्या काळात शेतावरही जात नाही. मग डोळा सुधारला तो मांस गेल्यामुळे, दाह शमल्यामुळे की विश्रांतीमुळे? दुसरी गोष्ट, मांस परत वाढलं त्याच माणसांत बिघाड दिसला, याचा उलटा अर्थही लागतो. ज्यांच्या डोळ्यात दाह आणि कोरडेपणा शिल्लक राहिला त्यांच्यातच मांस परत आलं असेल. म्हणजे क्रम उलटा झाला, कोरडेपणा आधी आणि मांस नंतर. धूळ आणि वारा यांनी बुबुळाच्या कडेला सुकलेली जागा तयार होते आणि ती झाकायला शरीर मांस पुढे ढकलतं, असा विचार फार पूर्वीपासून मांडला गेलाय. ‘कापलं की कोरडेपणा जाईल’ हे वाक्य मी रुग्णापुढे उच्चारत नाही ते यामुळेच.

आग्रही : कोरडेपणामुळे वडस येत असतं तर शोग्रेन आजाराच्या बायकांच्या डोळ्यात ते सगळ्यांत जास्त दिसायला हवं होतं. त्यांच्या अश्रुग्रंथी जवळजवळ आटलेल्या असतात. बुबुळावर ओरखडे पडतात, चिकट धागे लोंबतात, पण मांस वाढून बुबुळावर चढणं हे काही त्या आजाराचं लक्षण नाही. दिवसभर संगणकापुढे बसून पापण्या मिटायला विसरणाऱ्या मुलामुलींचेही डोळे कोरडे पडतात, त्यांना वडस होत नाही. कोरडेपणा जास्त दिसतो तो पाळी गेलेल्या बायकांत, पडद्यापुढे काम करणाऱ्यांत. वडस दिसतं शेतकऱ्यात, मच्छीमारात, मिठागरावरच्या मजुरात. म्हणजे वडसाचं मूळ उन्हात आहे. विषुववृत्तापासून उत्तरेला आणि दक्षिणेला 37 अंशांपर्यंतचा पट्टा वडसाचा पट्टा म्हणून ओळखला जातो आणि अख्खा महाराष्ट्र त्या पट्ट्यात येतो. नागपूरजवळच्या खेड्यांत तिशीपुढच्या 4,700 हून अधिक लोकांचे डोळे तपासले गेले. त्यातल्या सुमारे 13 टक्क्यांना वडस होतं आणि वयाबरोबर ते प्रमाण वाढत गेलेलं दिसलं. ते नाकाच्याच बाजूला का येतं यालाही ऑस्ट्रेलियातले नेत्रतज्ज्ञ मिनास कोरोनिओ यांनी प्रकाशाच्या वाटेवरून उत्तर दिलंय. कानशिलाकडून तिरके येणारे किरण बुबुळाच्या घुमटातून वळतात आणि पलीकडे, नाकाकडच्या कडेवर एकवटतात. तिथे प्रकाशाची तीव्रता वीस पटींपर्यंत जाऊ शकते. बुबुळाच्या पेशी नव्याने घडवणाऱ्या मूळपेशी नेमक्या त्याच कडेवर असतात. पांढऱ्या भागावरचं आवरण बुबुळावर येऊ नये म्हणून त्या पेशी कुंपण राखतात. अतिनील किरणांनी ते कुंपण मोडलं की आवरण आत शिरतं.

संशयी : नाकाकडच्या कडेचं उत्तर मला पटतं, आणि शोग्रेनचा मुद्दाही मी टाळणार नाही. निव्वळ कोरडेपणाने वडस येतं हे म्हणणं मी इथेच सोडून देतो. पण तुम्ही ऊन पुढे केलंत आणि त्याने तुमच्याही म्हणण्याला धक्का बसतो. पिंग्वेक्युलाचं काय करायचं? बुबुळाच्या शेजारी, पांढऱ्या भागावर पिवळसर गाठ येते ती. वडसात जसे तंतू झिजून विरूप झालेले असतात तसेच तिच्यातही असतात, दोन्हींत ऊन हाच मुख्य संशयित. पण पिंग्वेक्युला बुबुळावर चढत नाही, नजर बिघडवत नाही आणि तिला कापायची गरज क्वचितच पडते. तरीही ती असलेल्या डोळ्यात अश्रूंचा थर लवकर फुटतो, डोळा चुरचुरतो, मधूनमधून ती गाठ सुजते आणि लाल होते. बुबुळावर मांसाचा कण नसतानाही कोरडेपणा हजर असतो. मग मला दुसरीच शक्यता दिसते. वर्षानुवर्षांचं ऊन, धूळ आणि वारा पांढऱ्या भागाच्या आवरणाला, त्यातल्या चिकट द्रव देणाऱ्या पेशींना, पापण्यांच्या कडांना एकाच वेळी झिजवतात. त्या झिजेतून कुणात गाठ येते, कुणात वडस, आणि बहुतेकांत कोरडेपणा. मग वडसाने कोरडेपणा आणला नाही, कोरडेपणाने वडस आणलं नाही. दोन्ही एकाच मारामुळे आलेत. असं असेल तर तुम्ही कापता ते एका खुणेला, आणि ज्याने ती खूण उमटवली तो मार तसाच चालू राहतो.

आग्रही : पिंग्वेक्युलाचा मुद्दा जड आहे. तिचाही उंचवटा असतो आणि तोही थर मोडतो, असं मी म्हणू शकतो, पण सपाट, नजरेत न भरणारी गाठ असतानाही तक्रार असते, हे मला ठाऊक आहे. तेव्हा ‘सगळा कोरडेपणा मांसामुळे’ हे वाक्य मी मागे घेतो. पण एकाच मारातून आलेल्या दोन गोष्टी पुढे एकमेकींना पोसत नाहीत, असं कुठे आहे? वडस असलेल्या डोळ्यांच्या पापण्यांचे अवरक्त किरणांतले फोटो काढले तर तेलग्रंथी गळलेल्या जास्त दिसतात. तेल कमी म्हणून अश्रू उडतात, अश्रू उडाले की दाह वाढतो, दाहाने वडसातल्या रक्तवाहिन्या तटतटून फुगतात, मांस जाड होतं, आणि जाड मांस थर आणखी मोडतं. सुरुवात कुणी केली ते सापडलं नाही तरी हे चाक कुठेतरी थांबवावं लागतंच. मी ते मांसापाशी थांबवतो, कारण तिथे माझा हात पोचतो.

संशयी : हात पोचतो म्हणून तिथेच थांबवायचं, इथे माझी खरी हरकत आहे. हात पोचण्याची किंमत असते. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात अर्म या नावाने हाच आजार पाच प्रकारांत सांगितलाय. मिठाच्या चूर्णाने मांस सैल करायचं, आकड्याने उचलायचं आणि कापायचं, अशी कृती दिलीय. त्यासोबत दोन इशारेही दिलेत. कोपऱ्यातल्या कनीनकाला धक्का लावू नका, आणि कमी कापलंत तर ते लवकर परत वाढेल. परत वाढण्याची ही भीती आजही गेलेली नाही. नुसतं मांस काढून पांढरा भाग उघडा सोडण्याच्या जुन्या पद्धतीत चारांतल्या एकापासून ते दहांतल्या जवळजवळ नऊ जणांपर्यंत, इतक्या वेगवेगळ्या प्रमाणात ते परत आल्याच्या नोंदी आहेत. परत येणारं मांस बहुधा पहिल्यापेक्षा जाड आणि चिवट असतं. फक्त चुरचुर होती म्हणून ज्याचं कापलं, त्याला आता चुरचुर तर आहेच, वर पहिल्याहून वाईट वडसही आहे. त्याला काय सांगायचं?

आग्रही : त्याला हे सांगायचं की उघडा भाग सोडण्याची ती पद्धत आज वापरू नये. 1985 मध्ये केनियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच डोळ्याच्या वरच्या भागातलं निरोगी आवरण कापून उघड्या जागेवर लावलं आणि 57 डोळ्यांपैकी फक्त तीनमध्ये मांस परत आलं. आता तो तुकडा टाक्यांऐवजी फायब्रिनच्या गोंदाने चिकटवता येतो. काही शल्यक रुग्णाचं तिथेच आलेलं रक्त गोठू देऊन त्यावरच तो तुकडा बसवतात. टाके नसले की नंतरची टोचणीही कमी. आता तुम्ही म्हणाल, वरचा भाग एकदा वापरला की पुढे काचबिंदूच्या शस्त्रक्रियेला तो लागला तर काय? बरोबर आहे, ज्याच्या डोळ्याचा दाब वाढलेला आहे त्याच्या बाबतीत तुकडा कुठून घ्यायचा याचा विचार आधीच करावा लागतो. पण माझा मोठा मुद्दा वाट पाहण्याच्या किमतीचा आहे. मांस बुबुळाला ओढून धरतं, बुबुळाचा आडवा बाक सपाट होतो, चष्म्याचा तिरका नंबर वाढतो. ते बाहुलीपर्यंत गेल्यावर काढलं तरी खाली पांढुरका व्रण उरतो आणि नजर पूर्ण परतत नाही. मोतीबिंदू काढायचा असेल तर वडसामुळे वाकलेल्या बुबुळावरून लेन्सचा नंबर चुकीचा येतो, म्हणून बहुधा वडस आधी काढून काही महिने थांबावं लागतं. आणि दिसायला वडसासारखी वाटणारी प्रत्येक वाढ वडस नसते. पृष्ठभागाचा कर्करोगही सुरुवातीला तसाच दिसू शकतो. जी वाढ कानशिलाच्या बाजूला एकटीच आलीय, जी खडबडीत, पांढरट किंवा जाळीदार रक्तवाहिन्यांची आहे, काही महिन्यांतच मोठी झालीय, तिच्यावर ओलाव्याचे थेंब घालत बसणं ही घोडचूक आहे. काढलेलं मांस तपासणीला पाठवायला हवं, ते याचसाठी.

संशयी : कर्करोगाबद्दल माझा एका शब्दाचाही विरोध नाही. तशी शंका आली की त्याच आठवड्यात पाठवायचं. आणि थेंबांचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट सांगतो, ती मला तुमच्या कात्रीपेक्षा जास्त घाबरवते. माझ्याकडे येण्याआधी लोक औषधाच्या दुकानातून ‘लाली जायचे थेंब’ घेऊन आलेले असतात. त्यातल्या काही बाटल्यांत स्टिरॉइड असतं, काहींत रक्तवाहिन्या आवळणारं औषध. दोन दिवसांत डोळा पांढरा होतो, माणूस खूश होतो, आणि मग तीच बाटली महिनोन्महिने चालते. आवळणारं औषध थांबवलं की लाली दुप्पट जोराने परत येते. स्टिरॉइडने डोळ्यातला दाब वाढतो, दुखत नाही म्हणून कळत नाही, आणि नजर कडेकडून कायमची जाते. मोतीबिंदूही लवकर येतो. कापसाचा व्यापारी असो की मजूर, वडसाने आंधळा झालेला माणूस मी क्वचित पाहिला. वडसावरच्या थेंबांनी काचबिंदू होऊन गेलेली नजर मात्र पाहिलीय. चांगले समजले जाणारे कृत्रिम अश्रूही दिवसातून सहा-आठ वेळा घालायचे असतील तर त्यातलं बेंझाल्कोनियमसारखं टिकाऊपणाचं रसायन पृष्ठभागाला त्रास देतं. मग बिनरसायनाची बाटली हवी आणि ती महाग पडते. म्हणजे माझ्या बाजूचा उपायही फुकट आणि निर्धोक नाही, हे मी कबूल करतो.

आग्रही : मग तुम्ही करता काय? कात्री नको, दुकानातले थेंब नकोत, तुमची बाटली महाग.

संशयी : पहिलं काम उन्हाचं. डोक्याला गांधी टोपी किंवा पटका असतो, पण कशालाच पुढे झालर नसते, डोळ्यावर सावली पडत नाही. बायका पदर कपाळावर ओढतात तेव्हा त्यांना निदान वरच्या उन्हापासून आडोसा मिळतो. पण तुम्हीच सांगितलंत की घातक किरण कानशिलाकडून येतात. जत्रेतला काळा चष्मा पुढून काळा आणि बाजूने उघडा असतो. अतिनील किरण अडवण्याची काच त्याला असेलच असं नाही, आणि नसेल तर नुसत्या काळोखाने बाहुली मोठी होते. म्हणून मी रुंद काठाची टोपी आणि कानशिलापर्यंत वळणारा, अतिनील किरण अडवणारा चष्मा सांगतो. दुसरं काम पापण्यांचं. कोमट पाण्यात बुडवून पिळलेलं कापड पाच-दहा मिनिटं मिटलेल्या पापण्यांवर ठेवायचं, मग बोटाने कडेच्या दिशेने हलका दाब. साठलेलं तेल मोकळं होतं. तिसरं म्हणजे चूल, धूर, पंख्याचा झोत. हे सगळं महिना-दोन महिने केल्यावरही वडसाच्या टोकाशेजारीच थर फुटत असेल, तर तो माणूस तुमचा.

आग्रही : आणि दरम्यान मांस वाढलं तर? ऊन आवरणावर साठत जातं, त्याची सुरुवात लहानपणापासून होते. पन्नाशीच्या माणसाला टोपी देऊन झालेली झीज भरून येत नाही. टोपी त्याच्या नातवाला द्या, तिथे मी तुमच्या बाजूने उभा राहीन. त्याच्या स्वतःच्या डोळ्यासाठी मात्र कडेपासून किती आत आलं हे मोजून ठेवा. दोन-तीन मिलिमीटर आत आलं, नंबर बदलायला लागला, वर्षभरात पुढे सरकलेलं दिसलं, तर कोरडेपणा गेला की नाही याची वाट पाहू नका. नजरेसाठी कापणं आणि आरामासाठी कापणं हे दोन वेगळे निर्णय आहेत. इतकं बोलल्यावर मला जाणवतं ते हे की, पहिल्यासाठी माझ्याकडे भक्कम कारणं आहेत, दुसऱ्यासाठी थोडी आहेत, आणि रुग्णाशी बोलताना मी दोन्ही एकाच दमात सांगत आलोय.

संशयी : आणि मी दोन्हींना एकाच दमात नाकारत आलोय. क्रमाचा प्रश्न मात्र आपल्यात तसाच उरला. तुम्हाला अजून वाटतं की मांस हा चाकाचा मोठा आरा आहे. मला वाटतं ते चाकावर चिकटलेलं आहे.

आग्रही : ते ठरवायला एकच मार्ग दिसतो. ज्याला फक्त चुरचुरीसाठी कापायचं असेल, त्याच्या दोन्ही डोळ्यांची पट्टी आणि थर फुटण्याची वेळ आधी नोंदवायची. पापण्यांवर आधी उपचार करायचे. शस्त्रक्रियेनंतरचे सगळे थेंब बंद झाल्यावर, तीन महिन्यांनी आणि वर्षाने, दोन्ही डोळे पुन्हा मोजायचे. ज्यात वडस नव्हतं तो डोळाही. तोही तितकाच सुधारला तर श्रेय मांस काढण्याला नाही.

संशयी : मान्य. माझ्याकडून येणाऱ्या प्रत्येक माणसाच्या कागदावर दोन्ही डोळ्यांचे आकडे लिहिलेले असतील. तुम्ही फक्त तुमचे आकडे मला परत पाठवा, आणि शस्त्रक्रियेच्या संमतिपत्रावर सही घेताना त्याला स्पष्ट सांगा की नजर वाचवण्यासाठी कापतोय की चुरचुर थांबवण्यासाठी. चुरचुरीसाठी असेल, तर ती पूर्ण जाईलच असं आज कुणी सांगू शकत नाही, हेही सांगा.